बागेच्या पाण्यासाठी विद्युत झडप : निवडीचे निकष

ठरलेल्या वेळी बागेचे पाणी आपोआप सुरू व्हावे आणि ठरलेल्या वेळी थांबावे, यासाठी टायमर आणि विद्युत झडप अशी जोडी लागते. टायमर आज्ञा देतो. पाणी अडवण्याचे आणि सोडण्याचे काम झडप करते. बाजारात ‘सोलेनॉइड व्हॉल्व्ह’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या रचनेच्या झडपा मिळतात. बाहेरून त्या सारख्या दिसतात. मात्र एका घरी उत्तम चालणारी झडप दुसऱ्या घरी उघडतच नाही किंवा बंदच होत नाही. याचे कारण बहुतेक वेळा विजेत नसून पाण्याच्या दाबात असते. महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते आणि तेथे दाब कमी असतो. म्हणून झडपेची निवड दाबापासून सुरू होते.

रचना

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, वीजप्रवाह गेला की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. विल्यम स्टर्जन यांनी १८२५ च्या सुमारास लोखंडावर तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला. सोलेनॉइड झडप त्याच तत्त्वावर चालते. वेटोळ्याच्या पोकळीत लोखंडाचा लहान दट्ट्या असतो आणि स्प्रिंग त्याला खाली दाबून धरते. वीज आली की दट्ट्या वर खेचला जातो, वीज गेली की स्प्रिंग त्याला परत बसवते. दट्ट्याच्या टोकाला रबर असते आणि ते छिद्र बंद करते. हा दट्ट्या पाण्याची मुख्य वाट स्वतः उघडतो की केवळ एक लहान छिद्र उघडतो, यावरून झडपेचे प्रकार पडतात.

थेट क्रियेची झडप

या प्रकारात दट्ट्या मुख्य छिद्रावरच बसलेला असतो. त्याला पाण्याच्या दाबाविरुद्ध स्वतःच्या बळावर उठावे लागते. दर चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब आणि छिद्राचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर भरते आणि दट्ट्यावर ६ किलोहून अधिक भार येतो. एवढा भार उचलायला मोठे वेटोळे आणि भरपूर वीज लागेल. म्हणून शुद्ध थेट क्रियेच्या झडपांचे छिद्र बहुधा काही मिलिमीटरचेच ठेवतात. अर्धा इंची आटे असलेल्या झडपेच्या आत अवघे ३-४ मिलिमीटरचे छिद्र असू शकते. कुंड्यांच्या ठिबकला ते पुरते, रबरी नळीला पुरत नाही. या झडपेचा मोठा गुण म्हणजे ती शून्य दाबावरही उघडते आणि बंद होते.

पडद्याची झडप

छिद्राचा व्यास २० ऐवजी २ मिलिमीटर केला, तर क्षेत्रफळ शंभरपट घटते आणि त्याच दाबाला दट्ट्यावर फक्त ६३ ग्रॅम भार येतो. पडद्याची झडप याच फरकाचा उपयोग करते. मुख्य वाटेवर रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, बसवलेला असतो आणि त्यात सुईने पाडल्यासारखे बारीक छिद्र असते. त्यातून पाणी पडद्याच्या वरच्या कप्प्यात भरते. वरच्या बाजूला पाणी पडद्याच्या पूर्ण पृष्ठावर दाबते, खालच्या बाजूला काही भागावरच. त्यामुळे पडदा घट्ट बसतो. वेटोळ्याला वीज मिळाली की दट्ट्या दुसरे लहान छिद्र उघडतो आणि वरच्या कप्प्यातले पाणी पुढच्या पाइपात निसटते. वरचा दाब उतरतो, खालचे पाणी पडदा उचलते आणि मुख्य वाट मोकळी होते. म्हणजे मुख्य काम पाण्याचा दाब करतो आणि वीज फक्त सुरुवात करून देते. त्यामुळे लहान वेटोळ्यावर मोठी झडप चालते. परंतु पडदा उचलायला पुरेसा दाब नसेल, तर ही झडप निरुपयोगी ठरते. शेतीच्या आणि मोठ्या बागांच्या बहुतेक झडपा याच प्रकारच्या असून त्यांना साधारण ०.७ ते १ बार इतका किमान दाब लागतो.

मिश्र क्रियेची झडप

वरील दोन प्रकारांच्या मधली ही रचना आहे. दट्ट्या आणि पडदा एकमेकांशी जोडलेले असतात. दट्ट्या आधी लहान छिद्र उघडतो आणि मग पडद्यालाही ओढून वर घेतो. दाब असेल तर पाणी मदत करते. दाब नसेल तर वेटोळे एकटे काम निभावते. ०.२ बार दाबाला २० मिलिमीटरच्या छिद्रावर भार जेमतेम ६०० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणून हे शक्य होते. माहितीपत्रकात अशा झडपेचा किमान दाब ‘०’ दिलेला असतो. तिचे वेटोळे मोठे असते, ते वीज अधिक घेते आणि दीर्घकाळ चालू राहिल्यास चांगलेच तापते.

दाबाचे गणित

पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारे १ बार, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत ‘एक किलो’, दाब देतो. टाकी किती लिटरची आहे याचा दाबाशी संबंध नाही. टाकीतील पाण्याची पातळी आणि झडप यांच्यामधील उभे अंतर तेवढे महत्त्वाचे. टाकी रिकामी होत आली की पातळी उतरते, म्हणून अंतर टाकीच्या तळापासून मोजणे सुरक्षित. शिवाय हा स्थिर पाण्याचा दाब झाला. पाणी वाहू लागले की पाइप, कोपरे आणि गाळणी यांतील घर्षणाने तो आणखी घटतो. प्रेशर गेज लावून मोजायचे असल्यास बागेचे पाणी पूर्ण चालू ठेवूनच वाचन घ्यावे.

एक टाकी, दोन बागा

एका दुमजली घराचे उदाहरण घेता येईल. गच्ची जमिनीपासून ७ मीटर उंच आहे आणि टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर वर आहे. अंगणातील झडपेला साडेआठ मीटरचा, म्हणजे सुमारे ०.८३ बार दाब मिळतो. गच्चीवरच्या कुंड्यांसाठी तिथेच बसवलेल्या झडपेला मात्र दीड मीटरचा, म्हणजे जेमतेम ०.१५ बार. टाकी एकच, पाणीही तेच. तरी अंगणात कमी किमान दाबाची पडद्याची झडप चालू शकते आणि गच्चीवर तीच झडप चालणार नाही. गच्चीवर थेट किंवा मिश्र क्रियेची झडप, नाहीतर मोटरची बॉल झडप हवी. ड्रिपरनाही हाच नियम लागू आहे. १ बारला ताशी ४ लिटर देणारा साधा ड्रिपर ०.१५ बारला दीड लिटरच्या आसपासच पाणी देतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. कमी दाबावर पाणी देण्याचा वेळ त्या हिशेबाने वाढवावा लागतो.

मोटरची बॉल झडप

घरातल्या साध्या बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा पाव फेरा फिरतो. या झडपेत तो गोळा लहान मोटर आणि दंतचक्रे फिरवतात. हिला किमान दाबाची अट नाही. वाट पूर्ण मोकळी असल्याने दाब फारसा खर्च होत नाही आणि थोडाफार गाळही निघून जातो. वीज फक्त गोळा फिरेपर्यंत लागते; नंतर झडप त्याच स्थितीत विजेशिवाय राहते. उघडायला-मिटायला काही सेकंद लागतात आणि हा सावकाशपणा पाइपांच्या हिताचा असतो. मर्यादा तीन आहेत : किंमत जास्त, यांत्रिक भाग अधिक आणि वीज गेल्यास झडप आहे त्या स्थितीत अडकण्याचा धोका. यावर उपाय म्हणून वीज खंडित होताच साठवलेल्या ऊर्जेवर स्वतः मिटणाऱ्या झडपा मिळतात. खरेदीवेळी हा गुण आवर्जून तपासावा. क्षारयुक्त पाण्यात गोळा आखडू नये म्हणून पावसाळ्यातही ती अधूनमधून फिरवावी.

प्रवाह आणि मापे

झडपेतून किती पाणी जाऊ शकते हे ‘केव्ही’ या अंकाने सांगतात. झडपेच्या दोन बाजूंमध्ये १ बार दाबाचा फरक असताना तासाला जितके घनमीटर पाणी जाते, तो तिचा केव्ही. रबरी नळीने झाडे शिंपायला ताशी सुमारे १ घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी लागते असे धरू. केव्ही १ असलेली झडप त्यासाठी पूर्ण १ बार दाब खाते, केव्ही ३ असलेली ०.११ बार, तर केव्ही १० असलेली फक्त ०.०१ बार. टाकीचा दाबच कमी असेल तेथे हा फरक निर्णायक ठरतो. ठिबकची गरज मात्र अल्प असते : प्रत्येकी ताशी २ लिटरच्या १०० ड्रिपरना ताशी २०० लिटर पुरतात. पडद्याची झडप विनाकारण मोठी घेतली, तर इतक्या कमी प्रवाहात पडदा नीट बसत नाही आणि फडफडतो. म्हणून माहितीपत्रकात किमान प्रवाहाचा आकडाही पाहावा.

आट्यांकडेही लक्ष हवे. भारतात नळजोडणीला बीएसपी आटे वापरतात, अमेरिकी बनावटीच्या झडपांना एनपीटी आटे असतात. अर्धा आणि पाऊण इंची मापांत दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात, पण आट्यांचा कोन अनुक्रमे ५५ आणि ६० अंश असतो. त्यामुळे ते एकमेकांत थोडे फिरतात, बसल्यासारखे वाटतात आणि मग गळतात.

जलाघात

वाहते पाणी अचानक अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो. वॉशिंग मशिनचे पाणी थांबते त्या क्षणी भिंतीतल्या पाइपातून येणारा ‘ठक्’ आवाज हा त्याचाच नमुना आहे, कारण त्या यंत्रातही सोलेनॉइड झडपच असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले. २० मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपातून ताशी १ घनमीटर पाणी सेकंदाला सुमारे ०.९ मीटर वेगाने जाते. ते क्षणात थांबवले, तर लोखंडी पाइपात १० बारहून अधिक आणि लवचीक पीव्हीसी पाइपात ३ ते ४ बार दाब क्षणभर वाढू शकतो. लांब पाइप आणि झटकन मिटणारी झडप ही जोडी सर्वांत त्रासदायक. पाइप थोडा मोठा घेऊन वेग कमी ठेवणे किंवा सावकाश मिटणारी झडप निवडणे हे सोपे उपाय आहेत.

व्होल्टेजची निवड

बागेसाठी २४ व्होल्ट एसी, १२ किंवा २४ व्होल्ट डीसी आणि २३० व्होल्ट एसी अशी वेटोळी मिळतात. बागकामातील तयार नियंत्रक बहुधा २४ व्होल्ट एसीवर चालतात. ओल्या मातीत उघड्या हातांनी काम होत असल्यामुळे २३० व्होल्टची झडप बागेत टाळावी. कमी व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याच्या पुरवठ्यावर ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक स्विच असावा.

एसी आणि डीसी वेटोळी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ३० ओहमचे २४ व्होल्ट एसी वेटोळे दट्ट्या ओढून धरताना जेमतेम ०.२ ॲम्पिअर घेते आणि त्याच्या तारेत सव्वा वॉटच्या आसपास उष्णता होते. तेच २४ व्होल्ट डीसीवर जोडले, तर ०.८ ॲम्पिअर वाहून १९ वॉट उष्णता निर्माण होते आणि वेटोळे जळते. एसीवर प्रवाह दट्ट्या पूर्ण ओढला गेल्यावरच इतका कमी राहतो, म्हणून कचऱ्यामुळे दट्ट्या अर्धवट अडकला, तर एसी वेटोळे आपल्या पुरवठ्यावरही तापते. डीसी वेटोळ्याला उलटा डायोड जोडावा लागतो, नाहीतर वीज तोडताना उसळणारे व्होल्टेज नियंत्रकाला इजा करते.

तारेची जाडीही हिशेबात घ्यावी. ५० मीटर दूरच्या झडपेसाठी जाऊन-येऊन १०० मीटर तार होते. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीला सुमारे ३.५ ते ४ ओहम भरतो. १ ॲम्पिअर घेणाऱ्या १२ व्होल्टच्या झडपेचे त्यात जवळजवळ एक तृतीयांश व्होल्टेज संपते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते.

बॅटरीवर चालणारी झडप

साधे वेटोळे झडप उघडी असेपर्यंत वीज घेत राहते. लहान ९ व्होल्टची बॅटरी त्यावर तासभरही टिकत नाही. बॅटरीवरील नियंत्रकांसाठी म्हणून ‘लॅचिंग’ वेटोळे असते. त्यात कायम चुंबक बसवलेला असतो. क्षणभराच्या एका विद्युत स्पंदाने दट्ट्या वर जाऊन चुंबकाला चिकटतो, उलट्या स्पंदाने सुटतो. मधल्या वेळेत वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी महिनोन्महिने पुरते. दोष असा की, झडप उघडी असताना बॅटरी संपली तर पाणी वाहतच राहते. चांगला नियंत्रक बॅटरी उतरत आल्याचे ओळखून आधीच झडप मिटवतो. नळाला थेट लागणाऱ्या टायमरमध्येही पडद्याचे आणि बॉल झडपेचे असे दोन प्रकार आहेत. टाकीच्या पाण्याला दुसराच उपयोगी.

वीज गेल्यावर काय व्हावे

वीज नसताना मिटलेली राहणारी झडप आणि वीज नसताना उघडी राहणारी झडप असे दोन प्रकार वेष्टनावर अनुक्रमे ‘एनसी’ आणि ‘एनओ’ या अक्षरांनी दाखवतात. बागेसाठी एनसी झडप घ्यावी. भारनियमन झाले तर एका वेळचे पाणी चुकेल. पण एनओ झडप असेल तर टाकी रिकामी होईल.

गाळ आणि क्षार

पडद्यातील बारीक छिद्र हा झडपेचा सर्वांत नाजूक भाग आहे. त्यात वाळूचा एक कण अडकला की वरचा कप्पा भरत नाही आणि झडप मिटत नाही. झडपेच्या आधी १२० मेशची, म्हणजे सुमारे १३० मायक्रॉनची जाळीची गाळणी बसवली, तर झडप आणि ड्रिपर दोन्ही सुरक्षित राहतात. बोअरच्या जड पाण्यातील क्षार पडद्यावर आणि दट्ट्याच्या नळीत पांढरा थर धरतात. सौम्य सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भाग बुडवून ठेवल्यास तो निघतो. पाण्यातून खते देणार असल्यास पडदा ईपीडीएम रबराचा असावा. खतमिश्रित पाणी पिण्याच्या टाकीकडे उलटे जाऊ नये म्हणून परतीचा प्रवाह रोखणारी झडप लावणे बंधनकारक मानावे.

जोडणी

झडपेवरील बाण पाण्याची दिशा दाखवतो. पडद्याची झडप उलटी बसवली, तर पाणी अडतच नाही. वेटोळे वरच्या बाजूस ठेवावे म्हणजे दट्ट्याच्या नळीत गाळ साचत नाही. झडपेच्या आधी साधा कॉक आणि दोन्ही बाजूंना युनियन असल्यास ती पाइप न कापता काढता येते. उघड्यावर बसणाऱ्या वेटोळ्याचे संरक्षण किमान आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याची फवार रोखणारे असावे. पाणी साचण्याची शक्यता असलेल्या खड्ड्यात आयपी ६७ किंवा ६८ दर्जा लागतो. झडप पंपानंतर असेल, तर आधी झडप उघडून मग पंप सुरू व्हावा आणि आधी पंप थांबून मग झडप मिटावी. मिटलेल्या झडपेवर चालत राहिलेला पंप तेच पाणी घुसळून तापवतो आणि त्याचे सील खराब होते.

बिघाड ओळखणे

वीज देताच झडपेवर बोट ठेवले, तर दट्ट्याचा बारीक ‘खट्’ जाणवतो. खट् होते पण पाणी येत नाही, तेव्हा दाब कमी आहे किंवा गाळणी तुंबली आहे. खट् होतच नाही, तेव्हा दोष तारेत, वेटोळ्यात किंवा अडकलेल्या दट्ट्यात असतो. मल्टिमीटरवर २४ व्होल्ट एसी वेटोळ्याचा रोध साधारण २० ते ६० ओहम यावा. अनंत आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर वेटोळे जळालेले. वीज काढूनही पाणी थांबत नाही, तेव्हा पडद्यात गाळ आहे किंवा तो फाटला आहे. वरचे स्क्रू काढून पडदा धुऊन परत बसवल्यास बहुतेक झडपा पुन्हा चालू लागतात.

निवडीचा क्रम

सर्व निकष एकमेकांत गुंतलेले असल्याने त्यांचा क्रम पाळणे सोयीचे ठरते. आधी टाकीची उंची मोजून दाब काढावा आणि त्यावरून झडपेचा प्रकार ठरवावा. मग बागेला ताशी किती लिटर लागते ते पाहून केव्ही आणि माप ठरवावे. पाण्याच्या स्वच्छतेनुसार गाळणी आणि पडद्याचे रबर निवडावे. त्यानंतर जवळ वीज आहे की बॅटरी, तार किती लांब, हे पाहून वेटोळे घ्यावे. किंमत शेवटी पाहावी. अर्ध्या बारपेक्षा कमी दाब असेल तेथे शून्य किमान दाबाची किंवा मोटरची बॉल झडप आणि एक बारच्या वर भरवशाचा दाब असेल तेथे पडद्याची एनसी झडप, हा सर्वसाधारण निर्णय. या दोहोंच्या मधल्या दाबाला माहितीपत्रकातील किमान दाबाचा आकडा प्रमाण मानावा. तो आकडा न छापलेली झडप घेऊ नये.